नाशिकमध्ये घरगुती हिंसाचाराविरुद्ध मदत कशी मिळवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या बायका, त्यांच्या आया-बहिणी, शेजारी, आशाताई आणि बचत गटातल्या ताया पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घरातल्यांच्या हाती पडणाऱ्या फोनवर हे वाचत असाल, तर वाचून झाल्यावर ब्राउझरची हिस्टरी पुसा. मदतीसाठी केलेला फोनही कॉलच्या यादीतून काढून टाका.

१. आत्ता या क्षणी मारहाण चालू आहे. कुठे फोन करू?

११२. आधी पत्ता सांगा, मग प्रकार. फोन मध्येच हिसकावला गेला तरी पत्ता पोहोचलेला असतो. अंबड-चुंचाळेच्या चाळी किंवा पंचवटीतले बोळ नुसत्या घर नंबरावरून सापडत नाहीत, म्हणून जवळचं देऊळ, किराणा दुकान, कंपनीचं गेट असं काही सांगा. मुलांना धोका असेल तर १०९८ आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन सल्ला देते आणि पुढच्या यंत्रणेशी जोडून देते. पण गाडी लगेच दारात हवी असेल तर ११२च.

२. नवरा हात उगारत नाही. पण घरखर्चाला पैसे देत नाही, दिवसभर टोमणे, शिव्या. याला हिंसाचार म्हणतात का?

हो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (२६ ऑक्टोबर २००६पासून लागू) शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार मानतो. खर्चाला पैसे न देणं, पगार काढून घेणं, दागिने गहाण टाकणं किंवा विकणं, नोकरी सोडायला लावणं हे आर्थिक हिंसाचारात मोडतं. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार बायकोच्या खात्यात आले की एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात, ही तक्रार हल्ली फार येते. तीही यातच बसते. मुलगीच झाली म्हणून किंवा मूल होत नाही म्हणून हिणवणं शाब्दिक-भावनिक हिंसाचारात येतं.

३. सुरुवात कुठून करायची? पोलीस, कोर्ट, की महिला-बालविकासचं ऑफिस?

कुठूनही चालते. ‘आधी तिकडे जा, मग इकडे या’ असा क्रम कायद्यात नाही. मात्र प्रत्येक दाराचं काम वेगळं आहे.

पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे (१ जुलै २०२४पूर्वीचं ४९८अ). त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यातून पोटगी किंवा राहायला जागा मिळत नाही. ते मिळतं २००५च्या कायद्याखाली, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात. नाशिक शहरासाठी हे कोर्ट सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. निफाड, सिन्नर, येवला, मालेगाव, सटाणा, कळवण इथे तालुक्याची कोर्टं आहेत. कोर्टात जायला मदत करणारा सरकारी माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. तो महिला व बाल विकास विभागाचा असतो. जिल्हा कार्यालय नाशिक-पुणे रस्त्यावर नासर्डी पुलाजवळ समाजकल्याणच्या आवारात आहे. सुरगाणा-पेठहून उगाच हेलपाटा घालू नका. आपल्या तालुक्याचं काम कोणाकडे आहे आणि तो कोणत्या वारी कुठे भेटतो, ते आधी १८१वरून किंवा या कार्यालयाला फोन करून विचारा.

चौथं दार सखी वन स्टॉप सेंटर. तिथे समुपदेशन, पोलीस आणि वकिलाची मदत आणि थोड्या दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी मिळतो. काहीच सुचत नसेल तर तिथूनच सुरुवात करा.

कोणत्याही दारी गेलात तरी एक करा: तोंडी बोलून परतू नका. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोहोच नसेल तर पुढच्या ठिकाणी ‘तुम्ही तर आलाच नव्हता’ असं ऐकावं लागतं.

४. संरक्षण अधिकारी नेमकं काय लिहून घेतो? त्यात काय चुकतं?

तो ‘घरगुती घटना अहवाल’ भरतो. हा ठरावीक नमुना असतो. एक प्रत कोर्टाला जाते, एक पोलीस ठाण्याला. तो विनामूल्य भरून मिळतो.

बहुतेक अहवाल कमकुवत होतात ते मोघमपणामुळे. ‘नवरा नेहमी दारू पिऊन मारतो’ या वाक्यातून कोर्टाच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं सांगा: ‘नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री नऊच्या सुमारास, भाकरी करपली म्हणून लाटण्याने डाव्या मनगटावर मारलं. मनगट सुजलं. शेजारच्या मावशींनी सोडवलं. दुसऱ्या दिवशी बिटको दवाखान्यात दाखवलं.’ तारीख आठवत नसेल तर सण, बाजाराचा वार, मुलाची परीक्षा, कांद्याची काढणी, काहीही खूण चालते. अशा तीन-चार घटना नीट सांगितल्या तर पंधरा पानी कहाणीपेक्षा जास्त उपयोग होतो. सर्वांत ताजी, सर्वांत गंभीर आणि सर्वांत पहिली घटना त्यात असू द्या. लैंगिक जबरदस्तीचा रकाना लाजेपोटी रिकामा सोडला जातो. बाई अधिकाऱ्यासमोर किंवा समुपदेशकासमोर तो भरून घेण्याची विनंती करता येते.

अहवाल तयार नाही म्हणून कोर्टात अर्ज अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.

५. पोलिसांनी एनसी घेऊन घरी पाठवलं. आता?

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यावर कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. पण तिची प्रत घ्याच. पुढे ‘त्या तारखेला मी तक्रार केली होती’ याचा तो कागद होतो.

सतत छळ, हुंड्याची मागणी, जीव घेण्याची धमकी असं असताना नुसती एनसी घेतली असेल तर लेखी अर्ज करा. तरी एफआयआर होत नसेल तर तोच अर्ज रजिस्टर्ड टपालाने पोलीस आयुक्तांना पाठवा. ग्रामीण भागातून असेल तर आडगाव इथल्या जिल्हा पोलीस अधीक्षकांना. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)मध्ये ही तरतूद आहे. त्यानंतरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. टपालाची पावती तिथे लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, त्यासाठी झेरॉक्सचेही पैसे द्यायचे नाहीत.

नवरा-बायकोच्या वादात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करायला पोलिसांना मुभा आहे, त्यामुळे ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर दरवेळी खोटं नसतं. मात्र चौकशीची नोंद स्टेशन डायरीत असायला हवी. तारीख विचारा.

६. सासर सुरतला, मी माहेरी पंचवटीत आले. तिकडेच जाऊन केस करावी लागेल का?

नाही. २००५च्या कायद्याच्या कलम २७प्रमाणे तुम्ही तात्पुरत्या राहत असाल त्या ठिकाणच्या कोर्टातही अर्ज चालतो. कलम ८५चा गुन्हाही माहेरी आसरा घेतला असेल तिथे नोंदवता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल (रूपाली देवी) आहे. ‘आमची हद्द नाही’ म्हणणाऱ्या ठाण्याला शून्य क्रमांकाने एफआयआर घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवावाच लागतो. भाऊ-वहिनीच्या घरी राहत असाल तर पत्त्याचा पुरावा म्हणून त्यांचं वीजबिल आणि तुमचं साधं प्रतिज्ञापत्र बहुतेक वेळा पुरतं.

७. सिव्हिलला दाखवलं तर आपोआप पोलीस केस होते म्हणतात. म्हणून जायची भीती वाटते.

इजा मारहाणीची आहे असं सांगितलं की डॉक्टर मेडिको-लीगल नोंद करतात आणि पोलिसांना कळवतात. पोलीस जबाब घ्यायला येतात. ‘सध्या तक्रार द्यायची नाही’ असं जबाबात सांगता येतं. नोंद मात्र राहते, आणि पुढे तीच कामाला येते.

त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल असो, कठड्याचं झाकिर हुसेन असो की नाशिकरोडचं बिटको, एफआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. घटना अहवाल झालेला नसेल तर तो दवाखान्यानेच भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत तुम्हाला फुकट द्यायची आहे. हे मागावं लागतं, स्वतःहून क्वचित मिळतं.

इथे नुकसान होतं ते एका वाक्याने. सासू शेजारी उभी असते, म्हणून बाई ‘मोरीत पाय घसरून पडले’ म्हणते. तेच केसपेपरवर चढतं, आणि वर्षभराने समोरचा वकील तोच कागद काढतो. नातेवाइकांना बाहेर थांबवायची विनंती नर्सताईंना करा आणि कोणी, कशाने, कधी मारलं ते सांगा. मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त गडद दिसतो, तेव्हा पुन्हा फोटो काढा. एका फोटोत चेहरा आणि जखम दोन्ही दिसू द्या.

८. माझ्याकडे काहीच पुरावा नाही. सगळं चार भिंतींत झालं.

बाईची शपथेवरची साक्ष हाच पुरावा असतो. बाकीच्या गोष्टी तिला आधार देतात: आईला पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, केसपेपर, एनसी, शेजारीण, मुलाच्या शाळेतल्या बाईंना कधी सांगितलेलं. मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, पण मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतात, पण मूळ उपकरण हाती असेल तर काम सोपं होतं.

९. अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. आधार, पासबुक, रेशनकार्ड सगळं सासरी.

कागद नाहीत म्हणून कोणतंही दार बंद होत नाही. तरी ते परत कसे मिळवायचे ते पाहा.

आधारला मोबाइल नंबर नवऱ्याचा जोडलेला असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तुम्ही कुठे काय करताय ते त्याला कळतं. म्हणून पहिलं काम: आधार केंद्रावर जाऊन बोटाच्या ठशावर मोबाइल नंबर बदला. मग ई-आधार काढता येतं. बँकेत स्वतः शाखेत जा, नंबर बदला, जुनं एटीएम कार्ड बंद करा, नवीन पासबुक मागा. खातं जोडखातं असेल तर स्वतःच्या एकटीच्या नावाने नवीन उघडा. ‘लाडकी बहीण’सारखे पैसे आधार जोडलेल्या खात्यात पडतात, म्हणून नवीन खात्याला आधार जोडायला विसरू नका. हे उलट क्रमाने केलं, म्हणजे आधी बँक आणि मग आधार, तर दोन्हीकडे परत जावं लागतं.

दागिने आणि कागदपत्रं परत देण्याचा आदेश कोर्ट २००५च्या कायद्याच्या कलम १९खाली देतं, आणि तो बजावायला पोलिसांची मदत देता येते. आदेशाआधी एकट्या सामान आणायला जाऊ नका. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन सोबत शिपाई मागा. मिळेलच असं नाही, पण अर्जाची पोहोच राहते.

१०. मुलांना घेऊन राहायचं कुठे?

सखी केंद्रात साधारण पाच दिवसांपर्यंत. पुढे शक्ती सदन (अडचणीतल्या बायकांसाठीचं निवारागृह) किंवा शासकीय महिला वसतिगृह. प्रवेश संरक्षण अधिकारी, पोलीस किंवा सखी केंद्रामार्फत सोपा होतो. तुम्ही लेखी सांगितलं तर निवारागृह तुमचा ठावठिकाणा समोरच्या पक्षाला सांगत नाही. खरी अडचण मोठ्या मुलग्याची. मुली कोणत्याही वयाच्या चालतात, मुलग्यांना वयाची मर्यादा असते. सातवी-आठवीतला मुलगा असेल तर निघण्यापूर्वी फोनवरच विचारा, नाहीतर रात्री दहाला दारात प्रश्न उभा राहतो.

शाळेचं म्हणाल तर दाखल्यासाठी वडिलांची सही अडवून ठेवली जाते. आठवीपर्यंत दाखला उशिरा आला म्हणून नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ मुख्याध्यापकांना दाखवा.

११. घर सासूच्या नावावर आहे. मला हक्क आहे का?

राहण्याचा आहे, मालकीचा नाही. सतीशचंदर आहुजा प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही ‘सामायिक घर’ असू शकतं. त्या घरात राहण्याचा आदेश मागता येतो, किंवा तिथे जीव सुरक्षित नसेल तर दुसऱ्या जागेचं भाडं. नवऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेश होऊ शकतो. सासू किंवा नणंद यांना बाहेर काढण्याचा आदेश मात्र होत नाही, कायद्यातच तसा अपवाद आहे.

१२. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम १२प्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तो कोणी मागितला तर कलम सांगा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, तालुका कोर्टांत तालुका समित्या आहेत, हेल्पलाइन १५१००. पोटगी, हिंसाचार, घटस्फोटाच्या प्रकरणांत बाईला कोर्ट फीदेखील माफ आहे. महाराष्ट्रात ही सवलत १९९४पासून आहे. नेमलेले वकील तारखेला येत नसतील तर प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करून बदलून मागा.

१३. नवरा कोर्टात म्हणतो, मला उत्पन्नच नाही.

रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. त्याचं खोटं उघडं पाडायला तुमच्याकडे कागद हवेत. अंबड-सातपूरच्या कंपनीत असेल तर गेटपासचा किंवा पगारपत्रकाचा फोटो. शेती असेल तर सातबारा ऑनलाइन कोणालाही काढता येतो. सोबत लासलगाव-पिंपळगाव बाजार समितीची कांद्याची किंवा टोमॅटोची हिशेबपट्टी. द्राक्षबाग असेल तर व्यापाऱ्याशी झालेल्या व्यवहाराची चिठ्ठी. घरात असताना या कागदांचे फोटो काढून बहिणीला पाठवून ठेवणं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी.

१४. निकाल किती दिवसांत लागतो?

२००५चा कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात महिनोन्‌महिने जातात. पहिलं कारण नोटीस. अर्जात नवऱ्याचा पत्ता ‘मु. पो. अमुक’ एवढाच असतो, तो तिथे नसतो, नोटीस परत येते, पुढची तारीख महिनाभराने. त्याचा घरचा, कामाचा आणि त्याच्या आई-वडिलांचा असे तिन्ही पत्ते आणि मोबाइल नंबर अर्जात लिहा.

आणि मूळ अर्जासोबतच कलम २३खाली अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा) आदेश मागा. धोका निकडीचा असेल तर तो समोरच्याला न ऐकता, एकतर्फीही देता येतो. अंतरिम अर्ज वेगळा आणि प्रतिज्ञापत्रासह लागतो. तो न जोडल्यामुळे पहिली तारीख वाया गेलेल्या बायका बऱ्याच आहेत.

१५. आदेश मिळाला, पण तो पाळत नाही.

कोणता आदेश, यावर उत्तर अवलंबून आहे. ‘जवळ यायचं नाही, त्रास द्यायचा नाही’ हा संरक्षण आदेश मोडला तर २००५च्या कायद्याच्या कलम ३१प्रमाणे तो स्वतंत्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दखलपात्र आणि अजामीनपात्र. आदेशाची प्रत घेऊन थेट ठाण्यात जा.

पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करावा लागतो. नोकरदार नवऱ्याच्या मालकाला पगारातून थेट रक्कम द्यायला कोर्ट सांगू शकतं. पोटगी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४खाली मिळाली असेल तर थकबाकीचा अर्ज एका वर्षाच्या आत करा. ‘देईल, देईल’ म्हणून थांबाल तर जुने महिने हातचे जातात.

१६. पोलीस ठाण्यातून समुपदेशनाला बोलावतात. जायलाच हवं का?

ते ऐच्छिक आहे. समुपदेशनाला गेला नाहीत म्हणून तक्रार घेणं थांबवता येत नाही. कोर्टाने समुपदेशनाचा आदेश दिला असेल तर गोष्ट वेगळी. नवऱ्यासमोर बसायची भीती वाटत असेल तर वेगळं बसवायला सांगा. समजूतपत्र वाचल्याशिवाय, आणि ‘माझी काही तक्रार नाही’ हे वाक्य असेल तर सही करू नका. नांदायला जायचंच असेल तर त्यात मारहाण न करणं, दरमहा ठरावीक रक्कम खात्यात, आठवड्याने फेरभेट असं लिहून घ्या.

१७. लग्नाची नोंद नाही. किंवा लग्नच न करता एकत्र राहतोय.

नोंदणी नसली तरी २००५चा कायदा लागू होतो. फोटो, पत्रिका, रेशनकार्ड, मुलाच्या जन्मदाखल्यावरचं बापाचं नाव चालतं. लग्नासारखं दीर्घ सहजीवन असेल तरी संरक्षण आहे. पण त्याचं पहिलं लग्न टिकून आहे हे माहीत असताना राहिलेल्या बाईची बाजू अवघड होते (इंद्रा सर्मा निकाल, २०१३). अशा वेळी मुलाच्या पोटगीचा अर्ज वेगळा करा, तो हक्क आईबापांच्या लग्नावर अवलंबून नाही.

१८. पंचांनी बसून स्टॅम्प पेपरवर फारकत करून दिली. आता मी काही मागू शकत नाही ना?

मागू शकता. नोटरीकडची फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे. जमातीची रूढी कोर्टात सिद्ध झाली तरच तिला अर्थ. घटस्फोट खरोखर झाला असेल तरी त्याआधीच्या हिंसेबद्दल अर्ज करता येतो. कोर्टात गेल्याबद्दल पंचांनी दंड लावला किंवा वाळीत टाकलं, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६चा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

१९. नणंदेवर तक्रार होते का? आणि मुलगाच आईला मारत असेल तर?

दोन्हीला होय. प्रतिवादी ‘प्रौढ पुरुष’च हवा ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये काढून टाकली. आई, बहीण, विधवा भावजय, दत्तक मुलगी यांनाही हा कायदा आहे. म्हाताऱ्या आईला प्रांताधिकाऱ्यांकडच्या ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरणात निर्वाह खर्चही मागता येतो. घरातल्या प्रत्येक नातेवाइकाचं नाव अर्जात घालू नका. ज्याने काही केलंय त्याचंच नाव आणि त्याने काय केलं ते लिहा. दहा नावांच्या अर्जात दहा नोटिसा बजावाव्या लागतात (प्रश्न १४ पाहा).

२०. मी शेजारीण आहे. मी तक्रार दिली तर माझ्यावर उलटेल का?

चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला माहिती दिली तर २००५च्या कायद्याचं कलम ४ तुम्हाला संरक्षण देतं. मात्र कलम ८५चा गुन्हा तिने स्वतः किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या वा दत्तक नात्यातल्या माणसाने कळवला तरच पोलिसांना थेट दखल घेता येते. म्हणून मारहाण चालू असताना ११२, आणि एरवी संरक्षण अधिकारी, हे तुमचे दोन रस्ते. तिच्या वतीने ‘तुझं सगळं मी सांगितलंय’ असं नवऱ्याला सुनावू नका. त्याचा राग तिच्यावर निघतो.

२१. मुलगी सतरा वर्षांची आहे, लग्न लावून दिलंय, सासरी मार खाते.

इथे बालविवाह आणि पॉक्सो (अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) असे दोन्ही कायदे येतात. १०९८ला कळवा, ते बालकल्याण समितीपुढे नेतात. ‘अठरा पूर्ण होईपर्यंत थांबू’ असं करू नका.

२२. एकदा केस मागे घेऊन नांदायला गेले. पुन्हा तेच सुरू झालं. आता कोणी ऐकेल का?

नव्या घटनेवर नवा अर्ज करता येतो, आणि जुनी केस पार्श्वभूमी म्हणून लिहिता येते. २००५च्या कायद्याखालच्या अर्जाला मुदतीची मर्यादा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये (कामाक्षी प्रकरण) म्हटलं आहे. कलम ८५च्या गुन्ह्याला मात्र तीन वर्षांची मर्यादा असते, ती शेवटच्या घटनेपासून मोजली जाते. जुनी केस कोणत्या कोर्टात, कोणत्या नंबरची, कोणत्या तारखेला मागे घेतली हे आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दोन्ही पक्षांच्या नावाने शोधा. तिथला केस नंबर घेऊन कोर्टाच्या नक्कल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज करा. ती प्रत या वेळी माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा.